निर्भार पट्टी

"ताई, हातात काहीच नाही गं," चित्रा म्हणाली.

विमान बुटीबोरीच्या धावपट्टीवरून उडून नुकतंच स्थिरावलं होतं. शेजारच्या सीटवर विभावरी पाचपोर, म्हणजे हे विमान बनवणाऱ्या वैनतेय कंपनीची मुख्य अभियंता, धाकट्या बहिणीच्या हाताकडे बघत बसली होती. चित्राचं वाक्य ही तक्रार नव्हती. तिने इंजिनाची ताकद थोडी कमी केली, दांडा जरासा मागे ओढून धरला, काही क्षण तसाच ठेवला आणि मग बोटं सैल सोडली. दांडा होता तिथेच राहिला. विमानाचं नाक हललं नाही.

"ना चाक फिरवलं, ना बटण दाबलं," चित्रा हसली. "आता तू आम्हा पायलट लोकांना आळशी करणार."

"दमून येतेस ते चालतं का मग?"

"तेही खरंच."

चित्रा गेली काही वर्षं नागपूरहून गडचिरोलीच्या आतल्या गावांना जाणारी छोटी विमानं चालवत होती. जिल्ह्याजिल्ह्यात धावपट्ट्या झाल्यापासून नऊ प्रवाशांच्या विमानांना मागणी आली होती, पण ही विमानं जुन्या पद्धतीची होती आणि चालवणाऱ्याचा जीव काढत. विमानाचा वेग बदलला, इंधन जळून वजन कमी झालं, मागच्या सीटवरचा माणूस पुढे येऊन बसला, की नाक वर किंवा खाली जाऊ पाहतं. ते जागेवर ठेवायला वैमानिकाला दांडा ओढून किंवा रेटून धरावा लागतो. तासभर कोणी दांडा ओढून धरू शकत नाही, म्हणून विमानात ट्रिम नावाची सोय असते. सीटजवळच्या चाकाला तार जोडलेली, ती तार कप्प्यांवरून सगळ्या विमानाच्या पोटातून शेपटीपर्यंत गेलेली, आणि तिथे एका स्क्रूने हलणारी बोटभर रुंदीची झडप. चाक फिरवलं की झडप वळते आणि हातावरचा भार ती स्वतःच्या अंगावर घेते. उपयोगी गोष्ट, पण तारा ताणतात, कप्पे झिजतात, स्क्रूत धूळ बसते. वैनतेयच्या मेकॅनिकांचा अर्धा वेळ या तारांतच जायचा.

विभावरीने हे सगळं काढून टाकलं. त्या जागी तिने एक धातूची पट्टी बसवली.

निकेल आणि टायटॅनियमचे काही मिश्रधातू आपला आकार लक्षात ठेवतात हे जुनंच ज्ञान होतं. विभावरीने त्यात तिसरा धातू मिसळून असं मिश्रण तयार केलं, की जे हळूहळू आपली मूळ जागा बदलतं. पट्टीला एकदम झटका दिला तर ती ताठ स्प्रिंगसारखी उलट ढकलते. पण तेवढाच जोर काही सेकंद टिकवून धरला, तर आतल्या स्फटिकांचे थर एकमेकांवरून सरकतात आणि पट्टी त्या नव्या जागेलाच आपली जागा मानते. ही पट्टी शेपटीच्या हलत्या फळीच्या बिजागरीला लावली की झालं. वैमानिक दांडा जिथे धरून ठेवेल तिथे थोड्या वेळात भार शून्य. ना तार, ना कप्पी, ना मोटर. विभावरीने तिला 'निर्भार' म्हटलं, आणि ती बसवलेल्या विमानाचं नाव कंपनीने 'पारवा' ठेवलं.

पारव्याच्या चाचण्या विंग कमांडर दळवी घेत होते. हवाई दलातून निवृत्त झालेला, कमी बोलणारा माणूस. तिसऱ्या उड्डाणानंतर ते विभावरीच्या टेबलापाशी येऊन बसले.

"पट्टी झकास आहे. पण मॅडम, एक सांगा. वेग उतरायला लागला की जुन्या विमानात दांडा जड होतो. मी ओढणं सोडलं तर नाक आपोआप खाली जातं आणि वेग परत येतो. मला वेगाचा काटा बघायची गरजही पडत नाही, हातच सांगतो. तुमच्या पट्टीत हाताला काय कळणार?"

विभावरीला मुद्दा लगेच पटला. वेग अगदी सावकाश उतरला, तर पट्टी प्रत्येक पायरीला नवी जागा स्वीकारत जाईल, आणि वैमानिकाला कळणारही नाही की तो विमानाला पडण्याच्या काठाशी नेऊन ठेवतोय. तिने त्यावर उपाय केला. बिजागरीत पोलादाचा एक छोटा अडसर बसवला. नाक वर करण्याच्या बाजूला पट्टी ठरावीक कोनाच्या पुढे नमायचीच नाही. तिथून पुढे भार हाताला लागायचा, आणि चांगलाच लागायचा.

अडसर चालला, पण मे महिन्यापर्यंतच. विदर्भातली धूळ बारीक आणि चिवट. ती अडसराच्या खोबणीत जाऊन बसली आणि अडसर मधेच अडकायला लागला. एकदा तर पट्टी चुकीच्या जागी धरूनच राहिली आणि दळवींनी दोन्ही हातांनी विमान खाली आणलं. अडसराची रचना बदलायची तर नव्या भागासाठी परवान्याच्या सगळ्या चाचण्या पुन्हा. वर्ष गेलं असतं.

"काढून टाकू," बैठकीत विभावरी स्वतःच म्हणाली. "नसलेला भाग बिघडत नाही. वेगाचा काटा समोर आहे, वेग कमी झाल्याचा भोंगा आहे. जगभरची विमानं भोंग्यावर विसंबतात."

कंपनीचे संचालक डॉ. मोकाशी यांनी दळवींकडे पाहिलं.

"मॅडम म्हणतात तर," दळवी म्हणाले. त्यांनी दुसरं काही सुचवलं नाही, त्यांच्याकडेही दुसरं काही नव्हतं.

अडसराशिवायच्या पारव्याला परवाना मिळाला. पुढच्या दोन वर्षांत पारवे सगळीकडे दिसायला लागले. भामरागडची अडलेली बाळंतीण तासाभरात नागपूरला पोचायला लागली. एटापल्लीच्या दवाखान्यात सकाळी रक्ताच्या पिशव्या उतरायच्या. विभावरीचे फोटो छापून आले. वरोऱ्याला आई शेजाऱ्यांना सांगायची, मोठीने बनवलं आणि धाकटी चालवते. चित्रा पारवा चालवून घरी यायची तेव्हा तिचे खांदे आखडलेले नसायचे. मोठीला त्याचंच सगळ्यात जास्त बरं वाटायचं.

मग सिरोंच्याची दुर्घटना झाली.

चित्राचं विमान सिरोंच्याच्या धावपट्टीवर उतरणार, एवढ्यात कुठूनसा एक ट्रॅक्टर ट्रॉलीसकट आडवा आला. खालून सूचना आली, एक फेरी मार. चित्रा कमी उंचीवरच डावीकडे वळून घिरट्या घालायला लागली. ती खिडकीतून ट्रॅक्टरकडे बघत होती. त्या वेळात थ्रॉटलचा सैल झालेला खटका कंपनांनी थोडाथोडा मागे सरकला. इंजिनाची ताकद उतरली, तीही इतकी सावकाश की आवाजातला फरक कळू नये. उंची टिकवायला चित्राचा हात नकळत दांडा किंचित मागे घेत राहिला, आणि पट्टी त्या प्रत्येक किंचितला नमत राहिली. भोंगा वाजला तेव्हा विमान पडायलाच आलं होतं. चित्राने दांडा पुढे रेटला. तो गेला नाही. एकदम रेटलेल्या दांड्याला पट्टीने ताठ स्प्रिंगसारखं परत ढकललं. चित्राने अंगाचा सगळा भार टाकून नाक खाली घातलं, डावा पंख सावरला, विमान जवळजवळ सरळही झालं. पण तोवर खाली धानाचं शेत आलं होतं. चाकं बांधावर आदळली.

प्राथमिक आरोग्य केंद्रातली नर्स पद्मा कुम्मरी आणि डोळ्याचं ऑपरेशन करून घरी परतणारे एक म्हातारे गृहस्थ, दोघं गेले. बाकीचे वाचले. चित्राच्या उजव्या मनगटाची हाडं चुरली.

नागपूरच्या इस्पितळात विभावरी पोचली तेव्हा चित्रा शुद्धीवर होती. हात प्लास्टरमध्ये, ओठ सुजलेले.

"ताई, हाताला काही जाणवलंच नाही गं," ती पुन्हापुन्हा तेच सांगत होती. "काही म्हणजे काही नाही. आणि मग ढकलायला गेले तर भिंत. भिंतीला ढकलल्यासारखं."

विभावरीने तिच्या कपाळावर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी ती कारखान्यात गेली, चाचणीच्या मांडणीवर एक पट्टी चढवली आणि चित्राच्या हाताने केलं असेल ते स्वतःच्या हाताने करून पाहिलं. सावकाश, केसाएवढं मागे, पुन्हा केसाएवढं. हात रिकामा. मग एकदम पुढे. दांडा तिच्या तळव्यावर आदळून थांबला. अडसर असता तर फार आधीच दांडा जड झाला असता, चित्राने काट्याकडे पाहिलं असतं, थ्रॉटल पुढे ढकलला असता आणि सिरोंच्याला चहा प्यायली असती.

तिने हे मोकाशींना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस उद्धट नव्हता.

"विभावरी, आज हे चौकशीत आलं तर सगळे पारवे जमिनीवर बसतील. किती महिने, देव जाणे. तोवर भामरागडच्या बाईने काय करायचं? पोटात मूल घेऊन बैलगाडीत बसायचं? आपण अडसर परत आणू. धूळ बसणार नाही असा. वर्षभरात सगळ्या विमानांना लावू. पण शांतपणे."

"आणि चित्रा?"

"काटा तिच्या समोर होता की नाही?"

विभावरी खुर्चीतून उठली.

"मी खोटं बोल म्हणत नाही," मोकाशी म्हणाले. "विचारतील तेवढ्याचं उत्तर दे."

चौकशी समितीपुढे विभावरीची साक्ष अर्ध्या तासात आटोपली. चित्रा समोरच्या खुर्चीत गळ्यात हात अडकवून बसली होती.

"निर्भार पट्टीत काही बिघाड आढळला?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही. पट्टी तिच्या गुणधर्माप्रमाणेच वागली."

"वैमानिक म्हणतात, वेग उतरताना हाताला काहीच जाणवलं नाही. हे शक्य आहे?"

"शक्य आहे. निर्भारचं कामच ते आहे."

"मग वेग उतरतोय हे त्यांना कसं कळायला हवं होतं?"

विभावरीने समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे पाहिलं. उत्तर सोपं होतं आणि खरंही.

"वेगाच्या काट्यावरून. तो समोर असतो. प्रशिक्षणात तसं शिकवलेलं असतं."

परवाना मिळालेल्या पारव्यात अडसर कधी नव्हताच, त्यामुळे अडसराबद्दल विचारणार कोण. कोणी विचारलं नाही. दळवींनाही साक्षीला बोलावलं नव्हतं.

बाहेरच्या व्हरांड्यात चित्रा तिच्याजवळ आली. विभावरीला वाटलं, आता ही काहीतरी म्हणेल आणि मग सगळं बोलता येईल. चित्राने डाव्या हाताने तिचा दंड धरला.

"तू वाईट वाटून घेऊ नकोस, ताई. तुला खरंच बोलायला लागणार होतं. मी काटा बघितला नाही, हे तर मलाही माहीत आहे."

अहवालात लिहून आलं की वैमानिकाला वेगातली घट जाणवली नाही, कारण तिचं लक्ष बाहेर होतं. चित्राचा परवाना रद्द झाला. निष्काळजीपणाचा खटला गडचिरोलीच्या कोर्टात उभा राहिला. ती वरोऱ्याला आईकडे परत आली. मनगट जुळलं, पण वळेना. तिने वैमानिकांना शिकवणाऱ्या एका संस्थेत अर्ज केला, त्यांनी नम्रपणे नाही म्हटलं. आई आता शेजाऱ्यांकडे फारशी जात नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात वैनतेयने पारव्यांना 'सुधारित बिजागरी' बसवायला घेतली. आत नवा अडसर होता, रबराच्या पातळ टोपीत बंद केलेला. धूळ त्याला शिवत नव्हती. विभावरीने त्यावर रात्रंदिवस काम केलं होतं आणि काम उत्तम झालं होतं. त्यानंतर पारव्यांमध्ये तशी दुर्घटना पुन्हा घडली नाही.

चित्रा अधूनमधून सिरोंच्याला जायची. पद्मा कुम्मरीची आई मल्लक्का तिथे एकटी राहत होती. चित्रा पहिल्यांदा गेली तेव्हा मल्लक्काने तिला अंगणातून हाकलून दिलं होतं. दुसऱ्यांदा शिव्या दिल्या. तिसऱ्यांदा बसायला चटई टाकली. आता चित्रा तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन जायची आणि दुपार तिथे काढायची. मनगटामुळे तिला गाडी चालवता येत नव्हती, ती बसने जायची.

"या वेळी मी नेते तुला," विभावरी म्हणाली.

आलापल्लीच्या जंगलातून रस्ता चालला होता. सागाची पानं गळून रस्त्याकडेला ढीग साचले होते. विभावरीने बोलायला सुरुवात केली ती रस्त्याकडे बघतच. अडसर काय होता, का काढला, कोणी काढला. मांडणीवर आपल्या हाताला काय लागलं. मोकाशी काय म्हणाले. नवीन बिजागरीत काय आहे. अभियंत्याला साजेसं नीट, क्रमाने सांगितलं.

चित्राने नजर खिडकीबाहेर वळवली.

"दळवी सरांना माहीत होतं?"

"हो."

"मोकाशींना?"

"हो."

"म्हणजे मलाच नव्हतं."

"चित्रा, मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

"मी दीड वर्ष रोज ती फेरी मारतेय, ताई. आंघोळ करताना, भाजी चिरताना. रोज स्वतःला विचारते, हाताला कसं नाही कळलं? हाताला कळायला हवं होतं, एवढी वर्षं विमान चालवलंय मी. मला वाटायला लागलं होतं, की माझा हातच मेलाय." तिचा आवाज चढला नव्हता. "आणि तू तेव्हा मला म्हणायचीस, डॉक्टरांना दाखवू."

"गाडी थांबवू का?"

"नको. मल्लक्का वाट बघत असेल."

मल्लक्काच्या अंगणात मिरच्या वाळत घातल्या होत्या. घशात ठसका बसत होता. म्हातारी वाळलेल्या मिरच्या निवडत बसली होती. तिने चित्राला पाहून पदर सावरला आणि विभावरीकडे बोट केलं.

"ही कोण?"

"माझी मोठी बहीण."

"बरं केलं, आलीस," मल्लक्का विभावरीला म्हणाली. "हिला एकटीला येऊ देत जाऊ नका. हात असा, आणि बसमध्ये धक्के किती."

तिने आत जाऊन चहा आणला. काळा, गुळाचा. तिघी ओसरीवर बसल्या. चित्राने गोळ्यांची पाकिटं काढून कुठली सकाळी, कुठली जेवल्यावर, ते समजावलं. मल्लक्काने ती पदरात बांधली. मग ती मिरच्यांवरून हात फिरवत म्हणाली,

"मी एक विचारू का तुला? रागावू नको. सरकारी माणसं आली तेव्हा बोलली, चालवणारीची चूक. तू पण तेच बोलते. पण माझ्या मनाला येते, एवढी चांगली पोरगी, कशी चुकली असेल. विमानातच काही खराब होतं का? मला कोणी सांगत नाही म्हणून विचारते. पद्मा गेली ती गेली. पण कळलं तर बरं."

चित्रा उत्तर द्यायला लगेच तोंड उघडेल असं विभावरीला वाटलं. पण ती गप्प राहिली. तिने कप खाली ठेवला, गुडघ्यावरची मिरचीची बी उचलून बाजूला टाकली. मल्लक्का आधी तिच्याकडे आणि मग विभावरीकडे बघत होती. अंगणात एक कोंबडी मिरच्यांच्या कडेने चालत होती. विभावरीच्या ओठांवर वाक्य तयार होतं. 'मावशी, ते विमान मी बनवलं.' पुढचं आपोआप आलं असतं. तिला गडचिरोलीचा खटला आठवला, साक्ष पुन्हा उघडली जाईल हे आठवलं, मोकाशी आठवले, वरोऱ्याची आई आठवली. तिने चहाचा घोट घेतला. चहा थंड झाला होता.

"नाही, मावशी," शेवटी चित्रा म्हणाली. "विमान ठीक होतं. माझं लक्ष नव्हतं."

मल्लक्काने मान हलवली आणि पुन्हा मिरच्या निवडायला घेतल्या. निघताना तिने दोघींना कागदात बांधून मिरच्या दिल्या. विभावरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "सांभाळ हिला."

गाडी मुख्य रस्त्याला लागली. नदीवरचा पूल मागे पडला, शेतं संपून जंगल सुरू झालं.

"तू का नाही सांगितलंस?" विभावरीने विचारलं. "मी तर तुला सगळं सांगितलं होतं. तुला हक्क होता."

"मी थांबले होते," चित्रा म्हणाली. "मुद्दाम. तुला बोलायला वेळ मिळावा म्हणून."

"मला सुचलंच नाही, चित्रा. मी बोलणारच होते."

"पुष्कळ वेळ थांबले होते, ताई."

आलापल्लीच्या बसस्थानकापाशी चित्राने गाडी थांबवायला सांगितली. पिशवी डाव्या खांद्याला लावून ती उतरली. चंद्रपूरची बस फलाटाला लागलेली होती. विभावरी काच खाली करून म्हणाली, घरापर्यंत सोडते, हात दुखेल, आई विचारेल. चित्राने वळून तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर विभावरीला काहीतरी बोलता आलं असतं.

"आईला सांगते, तुला कारखान्यात काम निघालं," ती म्हणाली आणि बसमध्ये चढली.